बिस्किटकडे जाणारा बाण

लग्नातली महत्त्वाची कामं वाटून झाली आणि लोवेल टिबेट्सच्या वाट्याला पाट्या आल्या.

पाट्या म्हणजे पाहुण्यांना घराचा रस्ता दाखवणाऱ्या. फुलं त्याच्या बायकोने, मार्व्हाने, घेतली होती. जेवण, गाणंबजावणं, कॅमेरेवाले आणि एकूणच आवाज याचा सगळा ताबा विहीणबाईंकडे, अझनिव्ह तेर्झियान यांच्याकडे होता. "तू ना डॅड, फक्त पाट्या बघ," असं नवरी मुलगी, कॉरिन, म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात जो मऊपणा होता तो लोवेलला खुपला. आजारी माणसाला 'तुम्ही नुसते पडून राहा' म्हणताना काढतात, तसला आवाज. पण बरबँक शहराच्या पाणीखात्यात केस पांढरे केलेला माणूस कुठल्याही कामाला हलकं म्हणत नाही. त्याने ते काम असं अंगावर घेतलं, की जणू पाट्या नसत्या तर लग्न लागलंच नसतं. पुढे जे झालं ते पाहता, पाट्या नसत्या तर लग्न फार लवकर लागलं असतं.

हे लग्न आधी तीनदा मोडलं होतं. म्हणजे मुलगा-मुलगी एकमेकांवर जीव टाकत होती, दोन्ही घरं राजी होती, होविग तेर्झियानसारखा गुणी जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. मोडायची ती तारीख. आणि दर वेळी मधे तडमडायचा एखादा सुपरहिरो. कॉरिनचं काम असं, की सिनेमातले हे हिरो ज्या तारांना लटकून उडतात त्या तारा पडद्यावरून पुसायच्या. दिवसभर एका अंधाऱ्या खोलीत बसून ती तारा पुसते. पूर्वी असा सिनेमा अधूनमधून यायचा, तेव्हा तारा बेताच्या होत्या. पण जुन्या चित्रकथांची मासिकं उघडून त्यात सापडेल त्याला उडवायचा सपाटा सुरू झाल्यापासून एक हिरो जमिनीवर टेकतो न टेकतो तोच दुसरा लटकलेला. पहिल्या तारखेला एक जण अंतराळातून परत येत होता. दुसऱ्या तारखेला त्याचा जुळा भाऊ निघाला. तिसऱ्या वेळी तर ऐन तोंडावर कुणा साहेबाला वाटलं, की नायकाच्या पाठीवरचा झगा तांबड्याऐवजी जांभळा हवा. त्या झग्यापायी चर्चची तारीख गेली, ती गेलीच.

म्हणून आता परसातलं लग्न. दोन सिनेमांच्या मधल्या फटीत सापडलेला एक शनिवार. सोमवारी सकाळी कॉरिन पुन्हा अंधाऱ्या खोलीत हजर हवी होती.

"या वेळी नाही झालं ना," ती आईला ओट्यापाशी म्हणाली होती, "तर मी परत नाही ठरवणार, मॉम. होविग काही बोलत नाही गं. पण परवा त्याने सूट कपाटात ठेवला, तो असा ठेवला, की जणू आता तो दुसऱ्याच कुणाच्या लग्नात घालायचाय."

लोवेलने दारातून हे ऐकलं आणि तो आत न जाता गॅरेजमध्ये जाऊन बसला.

गॅरेजमध्ये गाडी नव्हती, चित्रकथा होत्या. पारदर्शक पिशव्यांत घातलेल्या, खोक्यांत उभ्या रचलेल्या, लहानपणापासून जमवलेल्या. लोवेलचं ठाम मत होतं, की चित्रकथा ही वाचायची गोष्ट आहे. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत माणूस स्वतः काय घडलं ते ठरवतो, त्यात मजा आहे. सिनेमावाले ती जागा भरून टाकतात, आणि वर तिच्यात स्फोट करतात. गेली पंधरा वर्षं दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणातली टर्की कापताना तो सुरी वर करून भाकीत करायचा, "हे खूळ पुढच्या टर्कीपर्यंत टिकत नाही, लिहून ठेवा." टर्की येत गेल्या, सिनेमेही येत गेले.

त्यातून ताजी जखम अशी, की सगळे नामांकित हिरो वापरून संपल्यावर सिनेमावाल्यांचा हात डब्याच्या तळाशी पोचला होता आणि तिथे त्यांना कॅप्टन बॅरोमीटर सापडला होता. कॅप्टन बॅरोमीटर हा लोवेलचा जीव की प्राण. हा गडी हवामान बदलत नाही; त्याला ते इतरांपेक्षा थोडं आधी कळतं, इतकंच. पाऊस येणार हे कळलं की तो छत्री घेऊन निघतो. चोर भिजतात, हा कोरडा. संपली शक्ती. असल्या सज्जन माणसाला सिनेमावाल्यांनी भलाथोरला जबडा दिला, त्याची छत्री काढून घेतली आणि त्याला उडवला! आणि त्याला ज्या तारांनी उडवला त्या पुसायला कोण, तर लोवेलची सख्खी मुलगी.

"तो चालतो, कॉरिन. आयुष्यभर चालत आलाय तो."

"डॅड, मी कुणाला उडवत नाही. मी फक्त तार पुसते."

यावर बापलेकीचं बोलणं थांबायचं आणि मार्व्हा कॉफी करायला उठायची.

असो. पाट्या.

मार्व्हाचा भाऊ रूडी पाट्या छापायच्या कारखान्यात होता, त्यामुळे छपाई घरची. मजकूर काय, एवढाच प्रश्न. 'टिबेट्स-तेर्झियान विवाह सोहळा' एवढं सगळं घातलं तर अक्षरं मुंगीएवढी होणार आणि गाडीतला पाहुणा ती वाचेपर्यंत पुढच्या गावी पोचणार. लोवेलने दोन दिवस विचार करून एकच शब्द काढला, बिस्किट. हे कॉरिनचं घरातलं नाव. रांगत होती तेव्हा हातात बिस्किट नसलं की घर डोक्यावर घ्यायची, म्हणून बिस्किट. टिबेट्सांकडच्यांना ते माहीत होतं, तेर्झियानांना निमंत्रणाबरोबर कळवलं होतं. आटोपशीर, गोड आणि दुरून वाचता येणारं.

पाट्या आल्या. पिवळाजर्द पुठ्ठा, काळीकुट्ट अक्षरं. मधे बाण, बाणाच्या वर 'बिस्किट' सुलटं आणि बाणाच्या खाली 'बिस्किट' उलटं.

"हे डोक्यावर उभं कशाला केलंस?" लोवेलने विचारलं.

"अहो, तीच पाटी डावीकडे पण चालते, उजवीकडे पण," रूडी म्हणाला. "नुसती फिरवायची. आमच्याकडे सगळ्या अशाच निघतात."

ही काटकसर लोवेलला इतकी पटली, की 'सगळ्या' म्हणजे कुणाच्या, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

बरबँक हे सिनेमाच्या धंद्याचं शहर. तिथे असल्या पिवळ्या पाट्या फक्त सिनेमावाले लावतात. कुठला सिनेमा, कुठे चाललाय हे लोकांना कळू नये म्हणून एखादा भलताच शब्द छापायचा, खाली बाण काढायचा आणि खांबाला बांधायचा. कामावरची माणसं बाणामागून बरोबर जातात. सिनेमा जितका मोठा तितका शब्द बावळट. हे बरबँकच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लोवेललाही कधी काळी ठाऊक होतं. पण सिनेमाकडे न बघण्याचा त्याने इतका कसून सराव केला होता, की खांबाखांबावर लटकलेल्या सिनेमाच्या पाट्यासुद्धा त्याला दिसेनाशा झाल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी तो शिडी लावून कोपऱ्यावरच्या खांबाला पाटी बांधत असताना शेजारचा व्हर्लिन खाली येऊन उभा राहिला. व्हर्लिनने सगळी नोकरी सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करण्यात घालवली होती. आता त्याच्याकडे पाला उडवायचं एक यंत्र होतं आणि भरपूर वेळ होता.

"लोवेल, काय हे?"

"उद्या आमच्याकडे जरा कार्यक्रम आहे. माणसं येतील, गाड्या लागतील. सांभाळून घे बाबा."

"कार्यक्रम," व्हर्लिन म्हणाला. त्याने पाटीकडे पाहिलं, लोवेलकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला. "कळलं. तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"अरे, काढ की! सांग सगळ्यांना. लपवायचंय काय त्यात?"

"वा! असंच म्हणायचं असतं," व्हर्लिन कौतुकाने म्हणाला. "तुला चांगलं पढवलंय त्यांनी."

शेजारी किती समजूतदार आहेत, असं लोवेल घरी येऊन मार्व्हाला म्हणाला.

शनिवारी सकाळी तो दूध आणायला बाहेर पडला तर फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसलेली. चांगली दाटीवाटीने. कुणी थर्मासमधून कॉफी ओततंय, कुणी पोरांच्या चेहऱ्यावर रंग लावतंय. एका धिप्पाड गृहस्थाने अंगाला घट्ट बसणारा हिरवा पोशाख केला होता आणि डोक्याला शिंगं होती. लोवेल क्षणभर थबकला. पण ही व्याह्यांकडची मंडळी असणार हे त्याने ताडलं. आर्मेनियन लोक लग्नाला शिंगं लावतात हे त्याने कधी ऐकलं नव्हतं, तरी आज अडाणीपणा दाखवायचा दिवस नव्हता. त्याने शिंगवाल्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"लवकर आलात. छान केलंत."

"जागा मिळायला हवी ना, सर!" शिंगवाला म्हणाला. "आम्ही सॅन डिएगोहून पहाटेच निघालो. सर, तुम्ही आतले का?"

"आतला म्हणजे? माझ्याच घरी आहे सगळं!"

शिंगवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोवेलला वाटलं, किती जिव्हाळ्याची माणसं.

घरात त्याने वर्दी दिली, "त्यांच्याकडचे आलेत. एकाला शिंगं आहेत."

"लोवेल, आज तरी कुणाची शिंगं काढू नकोस," मार्व्हा आरशातूनच म्हणाली.

तासाभराने मागच्या गल्लीतून अझनिव्हबाई पातेली घेऊन आल्या. त्यांनी समोरच्या खिडकीतून ती गर्दी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. "मिस्टर टिबेट्स, तुमच्याकडचे पाहुणे उन्हात बसलेत! खाल्लं का त्यांनी काही?"

"माझ्याकडचे?"

"मग काय माझ्याकडचे? माझा एकही भाऊ झगा घालत नाही." असं म्हणून त्यांनी उत्तराची वाट न बघता द्राक्षाच्या पानांतल्या भाताच्या गुंडाळ्यांची परात उचलली आणि त्या गर्दीत शिरल्या. आर्मेनियन बाईला भुकेला माणूस दिसला की तो कुणाचा हा प्रश्न मागाहून येतो. गर्दीने परात बघून आनंदाने आरोळी ठोकली. ज्या शूटिंगमध्ये बघ्यांनासुद्धा जेवण मिळतं ते केवढं मोठं असेल! ही बातमी फोनाफोनी पसरली आणि फुटपाथ संपून माणसं रस्त्यावर आली.

दुपार होईतो दोन्ही बाजूंचे कोपरे गाड्यांनी बुजले. खरे पाहुणे मैलभर मागे अडकले. होविग सूट हातावर टाकून पळत आला. त्याला कुणीतरी वाटेत सही मागितली होती आणि त्याने ती दिली होती.

"मिस्टर टिबेट्स, बाहेर काय चाललंय?" तो धापा टाकत म्हणाला. "हॅगॉपकाका तिकडे अडकलेत. लोक त्यांना सोडतच नाहीत."

हॅगॉपकाका म्हणजे होविगचे चुलते, निवृत्त न्यायाधीश. लग्न तेच लावणार होते, त्यामुळे त्यांनी आपला जुना काळा पायघोळ झगा चढवला होता. पांढऱ्या झुबकेदार मिशा आणि काळा झगा बघून गर्दीने एका नजरेत ओळखलं, की हा खलनायक. लोक त्यांना घेरून प्रेमाने हुर्यो करत होते. लोवेल माणसं लोटत तिथे पोचला तेव्हा त्याला वाटलं काका संतापले असतील. तर काका दोन्ही हात पसरून खदाखदा राक्षसी हसत होते आणि बायका पोरांना त्यांच्या शेजारी उभं करून फोटो काढत होत्या.

"काका, चला! लग्न!"

"अजून दोन फोटो," काका म्हणाले. "लोवेल जान, इतकी वर्षं कोर्टात बसलो, पण मला बघून एवढा आनंद कुणाला झाला नव्हता."

लोवेलने तिथल्याच एका बाईला विचारलं, की तुम्ही सगळे इथे आलात कशाला. ती पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, आणि भर उन्हात हातात मिटलेली काळी छत्री.

"बिस्किट!" ती म्हणाली. "पाटीचा फोटो रात्रीच सगळीकडे फिरला, सगळ्यांना माहितीये. 'बिस्किट' म्हणजे नव्या सुपरहिरोचा सिनेमा. कॅप्टन बॅरोमीटर भाग दोन असणार असं माझं म्हणणं आहे, पण तो शिंगवाला ऐकत नाही."

लोवेलने पिवळ्या पाटीकडे पाहिलं. सुलटं बिस्किट, बाण, उलटं बिस्किट. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला ती पाटी दिसली.

"बाई," तो क्षीण आवाजात म्हणाला, "पहिला भागच अजून आलेला नाही."

"म्हणून काय झालं? पहिला येण्याआधी दुसरा काढतात हल्ली. तिसऱ्याची तर तारीखसुद्धा लागली असेल!" तिचे डोळे चमकत होते. "लोक म्हणतात संपणार, संपणार. कसे संपतील? मोठे हिरो संपले तर छोटे काढतील. छोटे संपले की तुमच्याआमच्या गल्लीतले. मी तर म्हणते, खरी मजा आता येणारेय! मोठ्यांना काय, सगळंच येतं. ज्याला एकच गोष्ट येते आणि तीही धड नाही, त्याचा सिनेमा बघायचाय मला."

"बॅरोमीटर उडत नाही," लोवेलच्या तोंडून निघून गेलं.

"तेच तर मी सगळ्यांना सांगतेय!" तिने छत्री जमिनीवर आपटली. "जाहिरात पाहिली, म्हटलं बघू हा कोण बाबा, म्हणून जुने अंक शोधून वाचले. चालतो तो! पुराच्या गोष्टीत तर अख्खं शहर चालतो, दारोदार, आणि प्रत्येकाला सांगतो की आज वाळत घालू नका. मी रडले हो."

पुराची गोष्ट. आजवर पुराची गोष्ट वाचलेला दुसरा माणूस लोवेलला भेटलेला नव्हता. आणि ही बाई ती वाचती झाली, ती त्या जबडेवाल्या जाहिरातीमुळे. लोवेलला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात त्याच्या खांद्यावर कुणीतरी पेनने टकटक केलं.

"पाट्या तुमच्या?"

ही शहराच्या शूटिंग परवान्यांच्या खात्यातली मिस क्विगली. नीटनेटकी, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहरा असा की कधी कुठल्या सिनेमाला हसली नसेल.

"मॅडम, हे शूटिंग नाही. माझ्या मुलीचं लग्न आहे."

"परवाना नसला की सगळेच लग्न सांगतात, सर. मागच्या महिन्यात एकाने बारसं सांगितलं. बाळ रबराचं होतं."

"मी पाणीखात्यात आहे," लोवेल छाती काढून म्हणाला. "आपल्याच इमारतीत. खालचा मजला."

"मग तुम्हाला नियम माहीत असायला हवेत," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरून परसाकडे पाहू लागली. तिथे कुंपणाच्या वर हळूहळू एक क्रेन उगवत होती आणि तिच्या टोकाला कॅमेरा होता. अझनिव्हबाईंनी लग्नाच्या चित्रफितीसाठी सांगितलेली माणसं. तेर्झियानांकडे एक वेळ नवरदेव उशिरा आला तर चालतं, पण केक वरून दिसला पाहिजे.

"सुंदर लग्न," मिस क्विगली म्हणाली. "हे सगळं बंद करा आणि गर्दी हटवा."

लोवेलने आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. "मॅडम," तो म्हणाला, "ती आत उभी आहे. तीनदा उभी राहिली आणि तीनदा खाली बसली. आज बसली तर परत उठणार नाही. तुम्ही आत या. समोर उभ्या राहा. ते काका खरे न्यायाधीश आहेत. लग्न खरं लागलं तर खरं, नाही लागलं तर पाट्यांसकट मला घेऊन जा."

मिस क्विगलीने घड्याळ पाहिलं. "लागू दे," ती म्हणाली. "मी बघते."

परसात पोचायला त्यांना चांगलाच वेळ लागला. कॉरिन दारात उभी होती, पांढऱ्या कपड्यात, हातात फुलं घट्ट धरून. बाहेरचा गोंगाट ऐकून तिचा चेहरा उतरला होता. तिने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॅड. पाट्यांवर काय छापलंस?"

"बिस्किट," तो म्हणाला.

"पिवळ्या?"

त्याने मान हलवली. कॉरिनने डोळे मिटले. हसतेय की रडतेय ते कळेना.

काका फुलांच्या कमानीखाली उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं. काही ऐकू आलं नाही. कुंपणाला माणसं लोंबकळली होती, झाडावर माणसं होती, शिंगवाला कुणाच्या तरी खांद्यावर होता, आणि सगळे एकदम बोलत होते. त्यातच शेजारून कर्णकर्कश घरघर सुरू झाली. व्हर्लिन आपल्या अंगणात यंत्राने पाला उडवत होता. पाला नव्हताच. नुसतीच धूळ इकडून तिकडे जात होती.

लोवेल कुंपणाकडे धावला. "व्हर्लिन! बंद कर! का छळतोयस?"

"सगळ्यांशी बोलणी केलीत, माझ्याशी नाही!" व्हर्लिन ओरडला. "शूटिंगच्या शेजाऱ्याला जेवायला बोलवायची रीत आहे इथली! मला एकानेही ताट दिलं नाही!"

"अरे, तुला निमंत्रण दिलंय! छापील!"

"ते लग्नाचं होतं!"

लोवेल मागे वळला. कॉरिनची फुलं खाली आली होती. होविग तिच्या कानात काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती, नको, नको, राहू दे. काकांनी पुस्तक मिटायला घेतलं होतं.

तेव्हा लोवेल शिडीवर चढला. पाट्या बांधायची तीच शिडी. काय करायचं हे त्याला वर पोचेपर्यंत माहीत नव्हतं. वरून त्याला ती सगळी गर्दी दिसली, झगे, मुखवटे, चष्मे, एक काळी छत्री. कसल्या आशेने बघत होती माणसं! त्याने छातीत हवा भरली आणि ज्या शब्दाचा त्याला आयुष्यभर तिटकारा होता तो शब्द गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा फेकला.

"रोलिंग!"

एका क्षणात सगळं थांबलं. बरबँकमध्ये कॅमेरा सुरू झाल्याची ही आरोळी कानावर पडली की माणूस पाय उचललेला असला तर तसाच धरतो. शिंगवाल्याने शिंकसुद्धा नाकात दाबली. आणि व्हर्लिन, ज्याने नोकरीभर तो शब्द ऐकताच हातोडा हवेत रोखला होता, त्याचं बोट आपोआप बटणावर गेलं. घरघर थांबली. लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि त्यालाही कुणीतरी गप्प केलं.

त्या शांततेत काकांनी लग्न लावलं. होविगचा आवाज फुटला तेही ऐकू आलं. कॉरिन 'हो' म्हणाली ते इतकं हळू, की इतर कुठल्याही लग्नात शेजारच्या खुर्चीलाही कळलं नसतं. इथे झाडावरच्यांनाही कळलं. अंगठ्या झाल्या, चुंबन झालं, काकांनी दोघांना नवरा-बायको जाहीर केलं.

आणि कुणी हललं नाही.

टाळी नाही, हुंदका नाही. मार्व्हाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण तिने रुमाल वर नेला नव्हता. व्हर्लिन श्वास कोंडून लालभडक झाला होता. कुंपणापलीकडून तो भुवया उडवून लोवेलला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. लोवेलला वाटलं, याला झटका आला. मिस क्विगलीसुद्धा पेन हवेत धरून पुतळ्यासारखी उभी.

"डॅड," शेवटी कॉरिन ओठ न हलवता म्हणाली, "कट म्हण."

"काय?"

"कट म्हण, डॅड! नाहीतर ही माणसं सोमवारपर्यंत अशीच उभी राहतील!"

"कट!" लोवेल ओरडला, आणि त्या परसात जो जल्लोष झाला तसा तेर्झियानांच्या सात पिढ्यांत झाला नसेल.

मिस क्विगलीने नाक शिंकरलं. "रबराचं काही नव्हतं," तिने मान्य केलं. तिला विचारून काकांनी विवाहपत्रावर साक्षीदार म्हणून तिचीच सही घेतली. व्हर्लिनला ताट मिळालं. दोन मिळाली.

आता गर्दी पांगेल असं लोवेलला वाटलं. पण गर्दी जागची हलेना. सगळे शांत, समोर नजर लावून बसलेले.

"संपलं म्हणावं!"

"असं कोण उठतं?" छत्रीवाली बाई म्हणाली. "असल्या सिनेमात शेवटी एक तुकडा असतो. नावं संपल्यावर. जो उठला तो फसला."

आणि तुकडा आला. नवरानवरी घराच्या उंबरठ्यापाशी पोचली, तेव्हा अझनिव्हबाईंनी आपल्या रिवाजाप्रमाणे दोघांच्या खांद्यांवर लवाश टाकली. लवाश म्हणजे त्यांची ती पातळ, चादरीएवढी रोटी. ती दोघांच्या पाठीवरून खाली रुळली, वाऱ्याने हलली. मग होविगने टाच उचलून उंबरठ्यावरच्या बशीचे एका फटक्यात तुकडे केले.

गर्दीतून "झगा!" असा एकच सुस्कारा निघाला. "रोटीचा झगा!" मग वेड लागल्यासारखा आरडाओरडा. शिंगवाला ढसाढसा रडत होता. शेकडो फोन वर झाले.

केक कापून होतोय तोच कॉरिनचा फोन वाजला. तिचा साहेब. तिचा चेहरा पाहून मार्व्हाने लोवेलचं मनगट धरलं.

"हो सर... नाही सर, सोमवारी येतेच... बिस्किट?" ती ऐकत राहिली. "रोटीचा झगा. हो, पाहिलाय मी. जवळून." मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती. शेवटी तिने परसात नजर फिरवली. छत्रीवाली बाई आणि लोवेल एका खोक्यावर शेजारी बसून, हातवारे करत, पुराच्या गोष्टीवर तावातावाने भांडत होते. "लोकांना काय आवडतंय विचारताय, सर?" कॉरिन म्हणाली. "छत्री. छत्री द्या त्याला."

तिने फोन ठेवला आणि ती पायरीवर बसली. "वरचे लोक घाबरलेत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा 'बिस्किट' नावाचा मोठा सिनेमा येतोय म्हणे. तो काय आहे ते कळेपर्यंत आमचा बॅरोमीटर पुढे ढकलला. दोन आठवडे सगळं काम बंद. सोमवारी येऊ नका म्हणाले."

होविगने तिला रोटीसकट उचलली.

"म्हणजे थांबले," मार्व्हा नवऱ्याला म्हणाली. "पंधरा वर्षं म्हणत होतास ना, हे सिनेमे थांबणार? थांबवलेस बाबा. दोन आठवडे."

सिनेमा आला तेव्हा लोवेल गेला. सगळेच गेले, व्हर्लिन आणि अझनिव्हबाईसुद्धा, त्या डबा घेऊन. कॅप्टन बॅरोमीटर पहिल्या पाच मिनिटांतच उडाला. लोवेलने घशातून आवाज काढला, पण खुर्चीच्या कडेला सरकून तो पुढे वाकला आणि संपूर्ण वेळ तसाच डोळे फाडून बघत राहिला. हिरो इमारतींवरून गेला, पुलाखालून गेला, विजेत शिरला.

"काय शोधतोयस एवढं?" मार्व्हा कुजबुजली.

"तारा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, आवाज सांभाळत, "एक दिसली नाही गं. एकसुद्धा नाही."

शेवटी नावं सुरू झाली. मुंग्यांच्या रांगांसारखी नावं, वर वर चाललेली. त्यात एका ओळीत कॉरिन 'बिस्किट' तेर्झियान असं आलं आणि गेलं. लोवेल ताडकन उभा राहून एकटाच टाळ्या वाजवू लागला.

"अहो, बसा खाली!" मागून शिंगवाला ओरडला. "तुकडा यायचाय अजून!"

तो बसला. पडदा काळा झाला, आणि मग पाऊस. रिकाम्या रस्त्यावरून एक माणूस चालत येत होता. त्याचा जबडा नेहमीचाच होता, पण तो चालत होता. त्याने एका दारावर टकटक केलं, छत्री उघडली आणि म्हणाला, "बाई, आज वाळत घालू नका."

पुढच्या रांगेत एक काळी छत्री उघडली गेली आणि मागच्यांनी शिव्या घातल्या. लोवेलने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मुलीकडे वळला.

"पुढचा भाग कधी?"

"डॅड," कॉरिन होविगच्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली, "आधी मला थोडा संसार करू दे."